मुरलेला धूर

एप्रिल महिना होता. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-अलेसुंद गावाच्या वर, झेपेलिन डोंगरावरच्या हवा तपासणाऱ्या वेधशाळेत मी रोजच्यासारखी फिल्टर बदलायला गेले होते. दिवसभर हवा ओढूनही तिथला फिल्टर जेमतेम मळकट दिसतो. त्या दिवशी हातात आला तो चक्क राखाडी!

आधी संशय आला तो आपल्याच माणसांचा. खाली गावात डिझेलवरचं वीजघर आहे, स्नोस्कूटर आहेत. तो धूर बहुतेक वेळा थंड हवेच्या थराखाली अडकून खालीच राहतो, म्हणून तर वेधशाळा 474 मीटर उंचीवर बांधली. तरी खात्री हवीच. वारा पाहिला, तो गावाकडचा नव्हता. मग कणांचे आकार पाहिले. इंजिनातून नुकत्याच निघालेल्या धुरात अतिसूक्ष्म कणांची गर्दी असते. दिवसेंदिवस प्रवास झाला की ते एकमेकांना चिकटतात, वाटेतल्या वाफा अंगावर घेतात आणि फुगतात. आमच्या आलेखात बारीक कण जवळजवळ नव्हतेच, सगळे फुगलेले. कार्बन मोनॉक्साइडही चढलेला, आणि तो हवेत कित्येक आठवडे टिकतो. म्हणजे हा धूर चांगला मुरलेला होता.

संगणकावर वाऱ्याचा माग उलटा काढला. रेघ बॅरेंट्स समुद्र ओलांडून पूर्व युरोपात उतरली, तेव्हा मला 2006 आठवलं. त्या वसंतात तिथल्या शेतातल्या आगींचा धूर इथवर आला होता आणि याच वेधशाळेत प्रदूषणाचे तोवरचे उच्चांक नोंदले गेले होते. हिवाळाभर आणि वसंतात इथली हवा थरांत गोठल्यासारखी असते, ती धुऊन काढायला पाऊस-बर्फ फारसा नसतो. एकदा आत शिरलेली काजळी लवकर हटत नाही.

पण रेघ म्हणजे पुरावा नव्हे. तो मिळाला पुढे प्रयोगशाळेत. फिल्टरवर लेव्होग्लुकोसान सापडलं. सेल्युलोज जळताना तयार होणारी ही साखर डिझेलच्या धुरात नसते. कुठेतरी खरोखरच गवत, काड, लाकूड जळलं होतं.

मला जास्त लागलं ते मात्र त्याच दुपारचं. उतारावरचा वरचा बर्फ बाटलीत भरून आणला. डोळ्यांना तो शुभ्रच वाटत होता. काजळीनं किंचित काळवंडलेला बर्फसुद्धा ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळू लागतो, हे मी कितीदा शिकवलंय. बाटलीतला बर्फ वितळवून पाणी गाळलं, तर गाळणकागदावर सकाळचीच राखाडी छटा उमटली.