तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पोरांना नाचता येतं का?

लग्नाच्या संगीताची प्रॅक्टिस संपली की कुणीतरी विचारतंच, "ताई, तुम्ही वस्तीतल्या मुलांची नाटकं पण बसवता ना, मग त्यांना नाचता येतं का हो?" शाळेच्या गॅदरिंगला पालकसुद्धा हेच विचारतात, आणि स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभ्या उभ्या किती सांगणार, म्हणून इथे लिहितेय.

येतं की. तुमच्या डोक्यात जो टीव्हीवरचा नाच आहे, कोलांटी मारून गुडघ्यावर येणारा, तो आमच्याकडे दोघातिघांनाच येतो आणि तेच माझं सगळ्यात जास्त डोकं खातात कारण त्यांना कायम पुढच्या रांगेत यायचं असतं. बाकीच्यांना विचाराल तर "आपल्याला नाय जमत ताई". आता हे म्हणणारा अकरावीतला पोरगा दहीहंडीला तिसऱ्या थरावर उभा असतो, खालच्याचा खांदा जरा हलला तरी ह्याचा पाय आधीच सावरलेला असतो. पोरींना शाळेतलं लेझीम पाठ, चार आवाज म्हणा, आठ आवाज म्हणा, झोपेतून उठवलं तरी करतील. गणपतीत हीच पोरं कमरेला ढोल बांधून मिरवणुकीत तासन्तास चालतात. मी वेगळं काय शिकवणार? जे अंगात आहे ते कुठे लावायचं एवढंच बघते.

उदाहरण सांगते. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री अंबिल ओढ्याला पूर आला होता, आठवत असेल. कात्रजहून येऊन दांडेकर पुलाजवळून मुठेला मिळणारा हा ओढा एरवी नाक दाबून ओलांडायचा. त्या रात्रीवर पोरांनी नाटक करायचं ठरवलं आणि पाणी कसं दाखवायचं यावर आमचं घोडं अडलं. निळी साडी दोन टोकांना धरून हलवायची आयडिया लगेच आली, शंभर गॅदरिंगला बघितलेली, मी नको म्हटलं. मग लेझीमच्या आठ आवाजाच्या हालचाली घेतल्या, हातात लेझीम मात्र नाही, फक्त वाकणं, उठणं, पाऊल, आणि वेग अर्ध्यावर. रांगच्या रांग विंगेतून आत येते, बरं दिसत होतं. तर आठवीतली एक मुलगी, जी महिनाभर कोपऱ्यात बसून होती, ती म्हणाली, "ताई, पाणी असं दारातून नाय येत. आधी मोरीतून येतं. वास येतो, मग चपला तरंगतात."

झालं, सगळा सीन उलटा केला. आता विंगेतून कुणीच येत नाही. घरात जेवायला बसलेल्यांच्या मधलीच एक जण हळूच वाकायला लागते, मग शेजारची, आणि ताट धरून बसलेल्याला कळेपर्यंत त्याच्या आजूबाजूची सगळी माणसं पाणी झालेली असतात. म्युझिक काही नाही, नुसते फरशीवर पाय. माणसांनीच वस्तू व्हायचं ही युक्ती काही माझी नाही. 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची रांग हीच भिंत, हाच पडदा, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, आणि त्या नाटकाचा बाज कोकणातल्या 'खेळे' या लोककलेवरून आलेला. पोरांना मोबाईलवर क्लिप दाखवली तर म्हणाली, ही तर आपली रांग! मला तर वाटतं स्टेप्स शिकवणाऱ्यापेक्षा रांग उभी करणाऱ्याचं काम अवघड, कारण रांगेत प्रत्येकाला दुसऱ्याचा श्वास ऐकावा लागतो आणि आमच्या कोलांटीवाल्यांना तेच जमत नाही.

बाकी तालीम म्हणजे समाजमंदिरात, जर कुणाचं बारसं-साखरपुडा नसेल तर. नळाला पाणी आलं की पोरी निघून जातात, ढोल पथकाच्या सरावाच्या दिवसांत पोरगे गायब, दहावीवाले दिवाळीनंतर दिसतच नाहीत. म्हणून एक रोल दोघांना येईल असंच बसवते, कोण कधी येईल याचा भरवसा नाही. पैशाचं विचाराल तर तुमची संगीतं आणि गॅदरिंग यावरच घर चालतं, नाटकातून लाइटवाल्याचं भाडं निघालं तरी खूप झालं. एका ठिकाणी कार्यक्रम ठरवून ऐनवेळी आमच्या पोरांऐवजी मंत्र्यांचं भाषण लांबवलं, मेकअप करून पोरं तशीच टेम्पोत बसली. त्याचा राग अजून आहे.

आणि "पुढे ह्यांचं काय होतं?" हेही विचारता. नट कुणी झालं नाही अजून. एक जण मेडिकल दुकानात आहे, एक कॉलेजच्या एकांकिकेत बॅकस्टेज करते. ती मोरीवाली मुलगी आता लहान पोरांची तालीम घेते, मी उशिरा पोचले तर सुरू केलेली असते, आणि माझ्यापेक्षा जास्त ओरडते.