ग्रेडिंग राहून गेलेलं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या शॉर्ट फिल्मच्या दर शोनंतर कुणी ना कुणी विचारतंच : मे महिना, पाण्याचा टँकर, रांगेतली भांडणं, आणि ऊन असं पांढरंफटक? ग्रेडिंग, म्हणजे शूटनंतर चित्राचे रंग ठरवणं, राहून गेलं का?

नाही. दोनदा झालंय.

पहिल्यांदा मी सगळं नारिंगी केलं होतं. मराठवाड्यात भर दुपारी, सावली पायाखाली आलेली असताना शूट केलं, आणि पुण्यात एसी लावून त्यावर रंग चढवला. मग फिल्म त्याच गावात शाळेच्या भिंतीवर दाखवली. ज्या बाईंनी ते भांडण आमच्यासाठी केलं होतं, त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, हे तर दिवस बुडतानाचं ऊन हाय. तवा कोण भांडतंय? तवा तर जरा बरं वाटतंय."

मी त्यांना कलर टेंपरेचर, म्हणजे प्रकाश किती पिवळसर किंवा निळसर ते, समजावत बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि 'बरं' म्हणाल्या. त्या 'बरं'पुढे मला बोलता येईना.

तुम्ही लगेच स्पाइक लींचा 'डू द राइट थिंग' (१९८९) काढता, कडक उकाड्यातल्या एका दिवसाचा सिनेमा. ब्रुकलिनमधली ती लालभडक भिंत! मान्य. पण ती भिंत खरोखर रंगवलेली होती. छायालेखक अर्नेस्ट डिकरसन यांनी लेन्सखाली आच धरून हवा थरथरवली, कॅमेरा तिरपा केला. उकाड्यात एका खोलीत कोंडलेल्या ज्युरीच्या '१२ अँग्री मेन'मध्ये (१९५७) तर रंगच नाही. दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट आणि छायालेखक बोरिस कॉफमन अधिकाधिक लांब पल्ल्याच्या लेन्स वापरत गेले, कॅमेरा डोळ्यांच्या वरून खाली आणत गेले. भिंती अंगावर येतात, छत दिसायला लागतं, आणि बघणाऱ्याचा जीव घुसमटतो. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी सोपा रस्ता धरला.

आता माझ्यातलाच तो जुना माणूस विचारतो, लाल भिंत चालते आणि माझा नारिंगी चालत नाही, हा कुठला न्याय? तिथलं ऊनही घडवलेलंच. एका दिवसाची गोष्ट कित्येक आठवडे शूट झाली. याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. शहरातल्या प्रेक्षकाला नारिंगी बघून जास्त उकडतं, हेही मी पाहिलंय.

पण त्या नारिंगीत एक गोष्ट बुडाली होती. रांगेत तासभर तापलेला रिकामा हंडा उचलताना बाई त्याच्या काठाला पदर लावतात, चटका बसू नये म्हणून. पदर हिरवा. माझ्या ग्रेडिंगमध्ये तो मातकट होऊन हाताच्याच रंगात मिसळला, आणि चटका कुणाला कळलाच नाही. आता, दुसऱ्या ग्रेडिंगमध्ये, पदर हिरवा दिसतो. हंड्याची कड मात्र पार पांढरी जळाली आहे, तिथे काहीच दिसत नाही. ती मी सावरलेली नाही, सावरणारही नाही.