बोकडाचं तिकीट

तिसऱ्या मजल्यावर एका कामाला गेलो होतो, लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यानं चढलो आणि वर गेल्यावर काय काम आहे ते सांगायला तोंडातनं शब्दच फुटेना, समोरचे गृहस्थ घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्या दिवशी ठरवलं, आता पळायचं. वय त्रेचाळीस, रविवारी तांबडा-पांढरा न चुकता, आणि लहानपणी तालमीत गेलो ते फक्त माती उकरायला. पण कोल्हापुरात 'मला दम लागतो' म्हणायची चोरी आहे बघा. इथं गल्लोगल्ली तालीम, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान, आणि घरटी एक तरी आजोबा असे की जे हजार जोर मारून वर तांब्याभर धारोष्ण दूध प्यायचे. आमचे पण होते म्हणे. खरं खोटं जोतिबाला माहीत.

तर बूट घेतले. चार हजारांचे, घरी दोन सांगितले.

नोव्हेंबरात पहाटे रंकाळ्यावर टॉवरपाशी गाडी लावली, घड्याळाचं बटण दाबलं आणि सुटलो. मोजून दोन मिनिटं. मग छातीचा भाता, बरगडीखाली कळ, आणि मी कठड्याला धरून असा उभा की जणू काय पाण्यावरचं धुकंच बघायला आलोय. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या तीन आज्या गप्पा हाणत शेजारनं निघून गेल्या, त्यातल्या एकीनं तर वळून पण बघितलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी नडगी दुखायला लागली. मला वाटलं हे आपल्या रक्तातच नाही, आजोबांबरोबरच संपलं.

पाचव्या दिवशी मागनं आवाज आला, "कुठं पळालैस? पोलीस लागल्यात काय मागं?"

आमच्या गल्लीतले अण्णा. एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली. माकडटोपी, जुने कॅनव्हासचे बूट, आणि तोंड अखंड चालू. अण्णा पळतात म्हणजे काय तर चालणारी माणसं त्यांना मागं टाकतात, इतकं सावकाश. पाय जमिनीपासनं जेमतेम चार बोटं वर. "त्या दिव्याच्या खांबापतूर पळूया, मग चालूया, मग परत पळूया," एवढं बोलून त्यांनी थेट गगनबावड्याच्या गाडीतल्या एका भांडणाला सुरुवात केली, आणि माणूस मध्येच गोष्ट सोडून पुढं पळू शकत नाही ना, मग मी पण त्याच गोगलगाईच्या चालीनं सोबत. लाज वाटत होती. खरं सांगतो, ओळखीचं कोण दिसलं की मी मुद्दाम चालायला लागायचो, म्हणजे चालायलाच आलोय असं वाटावं. पण अर्ध्या तासानं लक्षात आलं की दम लागलाच नव्हता, उलट मी मध्ये मध्ये "मग? मग काय झालं?" असं विचारत होतो.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते, तिला सांगितलं तर म्हणाली, "मामा, तेच तर पाहिजे. पळताना सरळ वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर स्पीड जास्त आहे." तिचं म्हणणं असं की पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हृदय हळूहळू एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढायला आठवडे जातात, आणि हाडं अन् टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, सगळ्यांच्या मागं, त्यांना महिने लागतात. म्हणून दम आला की माणूस चेकाळून जोरात सुटतो आणि नडगी धरून बसतो. म्हणजे माझी चूक रक्तात नव्हती, गडबडीत होती. आणि वर आपला पेठेतला स्वभाव, जाळ आणि धूर संगटच पाहिजे.

हेलसिंकी म्हटलं की आपल्याला 1952 सालचं खाशाबा जाधवांचं ब्रॉंझच आठवतं, ते बरोबरच आहे. पण त्याच ऑलिम्पिकमध्ये झेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं घेऊन गेला, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. पळता पळता त्यानं शेजारच्या जिम पीटर्सला विचारलं म्हणे, स्पीड ठीक आहे ना? पीटर्स म्हणाला, उलट कमीच आहे. मग हा गेला पुढं आणि पीटर्सला शर्यत पुरी करता आली नाही. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "बोलत होता नव्हं? मग जिंकणारच."

आठवड्यातनं चार दिवस. खांबांची संख्या कधी वाढली ते मी मोजलं नाही, एकाचे दोन झाले, दोनाचे पाच, मध्ये लग्नसराईत आठवडाभर खाडा झाला तर परत तीनवर आलो. अण्णांची एक वाईट खोड म्हणजे गोष्ट ऐन रंगात आली की त्यांचं घर येतं. "ऱ्हायलेलं उद्या." ह्या माणसानं मला अंथरुणातनं बाहेर काढलं ते असं.

फेब्रुवारीत बोकडाची गोष्ट चालू होती. कळ्यात एक म्हातारा जत्रेचा बोकड घेऊन गाडीत चढला आणि अर्ध्या तिकिटावर अडून बसला, "बारक्या पोराएवढाच हाय की." अण्णा पूर्ण तिकीट मागतायत, गाडीतली निम्मी माणसं म्हाताऱ्याच्या बाजूनं, निम्मी अण्णांच्या, आणि बोकडानं तेवढ्यात तिकिटाचा अख्खा गठ्ठा तोंडात धरलेला. शालिनी पॅलेस गेला, पुढची झाडी गेली, मी हसत होतो आणि पाय आपले चाललेत.

"टॉवर आला," अण्णा एकदम म्हणाले. "पुरा फेरा झाला की रं तुझा. चार किलोमीटर, न थांबता. बसूया का जरा?"

मी म्हटलं, "अण्णा, आधी गठ्ठ्याचं काय झालं ते सांगा."

"अरे, काय सांगू, डेपोत जाऊन साहेबाला..." आणि टॉवर मागं पडला.