‘द गेम’च्या रनिंग बॅकांची वही: 313 यार्ड ते 116 यार्ड

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट या सामन्याला ‘द गेम’ म्हणतात; त्यातल्या रनिंग बॅकांची, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यांची, तुलना करणारी माझी वही बरीच पुढे सरकली आहे. मागच्या वेळी नुसती यादी होती, एका सामन्यात पळून काढलेल्या यार्डांच्या उतरत्या क्रमाने लावलेली:

त्शिमांगा बियाकाबुटुका, 1995: 313
कार्लोस हाइड, 2013: 226
ख्रिस ‘बीनी’ वेल्स, 2007: 222
डोनोव्हन एडवर्ड्स, 2022: 216
इझिकिएल एलियट, 2015: 214
जे. के. डॉबिन्स, 2019: 211
जेमी मॉरिस, 1986: 210

पहिलं नाव सोडलं तर खालच्या सहांत अवघ्या 16 यार्डांचं अंतर आहे. म्हणजे एक बरी कॅरी (चेंडू घेऊन केलेली एक धाव) इकडची तिकडे झाली की क्रम उलटासुलटा. असल्या यादीवर भांडण्यात काय मजा? म्हणून रकाने वाढवले. कॅरी किती, सरासरी किती, सर्वांत लांब धाव वगळली तर उरतं काय, क्वार्टरबॅकच्या (पास टाकणारा, डाव चालवणारा गडी) पायांचा धाक होता का आणि गुणफलक काय सांगत होता. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, पण खरी किंमत त्याचीच, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय.

आधी बियाकाबुटुका, कारण त्याला डावलून पुढे जाताच येत नाही. 25 नोव्हेंबर 1995, मिशिगनचं घर अॅन आर्बर. ओहायो स्टेट 11-0, देशात दुसऱ्या क्रमांकावर. त्यांच्याकडे एडी जॉर्ज, त्या वर्षी हाइझमन (मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) घेऊन गेलेला. हा सामना जॉर्जचा असणार असं सगळे धरून चालले होते. जॉर्जने 21 कॅरींत 104 यार्ड काढले, म्हणजे वाईट काहीच केलं नाही. पण समोरच्याने 37 कॅरींत 313 काढले. अख्खं मैदान 100 यार्डांचं असतं, म्हणजे या गड्याने एका दुपारी तीन मैदानं पालथी घातली. मिशिगन 31, ओहायो स्टेट 23.

झाईरमध्ये जन्मलेला, क्वेबेकमध्ये वाढलेला हा पोरगा. त्या मोसमात त्याने 1818 यार्ड काढले, पण आज लोकांना आठवतो तो हा एकच सामना. मी टेप परत लावली ती एकाच गोष्टीसाठी: तो चेंडू हातात आल्यावर काय करतो? तर सुरुवातीला जवळजवळ काहीच करत नाही. पहिली दोन पावलं तो सावकाश टाकतो. पुढे रॉड पेन आणि जॉन रनियन यांच्यासारखे वाट मोकळी करणारे लाइनमन एका बाजूला ढकलत असतात, ओहायोच्या बचावातले लाइनबॅकर त्या लोंढ्याबरोबर जोरात सरकतात, आणि नेमकं त्यांचं वजन त्या पायावर गेलं की हा उलटा वळतो. रिकामी जागा मागच्या बाजूला उघडलेली असते. हेच पुन्हा, आणि पुन्हा. कबड्डीत सात जणांना झुलवून मध्यरेषा गाठणारा चढाईपटू आठवावा, फक्त इथे समोर अकरा असतात आणि परत यायचं नसतं.

सरासरी 8.5. आणि ही सरासरी 37 कॅरींवर टिकलेली आहे, हे विसरू नका. दमछाक झालेल्या माणसाची सरासरी चौथ्या क्वार्टरमध्ये घसरते, हा साधा अनुभव. शिवाय क्वार्टरबॅक ब्रायन ग्रीझी. तो पळेल अशी भीती कुणालाच नव्हती. चेंडू कुणाकडे जाणार हे ओहायोला ठाऊक होतं. (त्याच सामन्यात पहिल्या वर्षाच्या चार्ल्स वूडसनने दोन इंटरसेप्शन घेतले, म्हणजे समोरच्याचे पास पकडले, पण तो विषय वेगळा, त्यासाठी वेगळी वही लागेल.)

आता कार्लोस हाइड. हा रकाना भरताना मला खरी गंमत आली. 27 कॅरी, 226 यार्ड, म्हणजे सरासरी 8.4. बियाकाबुटुकाच्या अगदी खांद्याला खांदा! दहा कॅरी जास्त मिळाल्या असत्या तर काय, असा प्रश्न ओहायोवाले लगेच टाकतात. आमच्या ऑफिसातले एक कोलंबसचे (ओहायो स्टेटचं गाव) गृहस्थ तर दर नोव्हेंबरला टाकतात. पण त्याच दिवशी क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर स्वतः 153 यार्ड पळाला होता. चेंडू हाइडच्या पोटाशी लावायचा आणि समोरचा एंड (बचावफळीच्या टोकाचा गडी) कुठे बघतोय त्यावरून द्यायचा की ठेवायचा ते ठरवायचं, हा त्यांचा खेळ. तो एंड अर्धा सेकंद जरी घोटाळला तरी हाइड त्याच्या अंगावरून गेलेला असतो. म्हणजे 226 मधले काही यार्ड मिलरच्या नावावर मनातल्या मनात टाकायला हवेत. किती, ते कुणालाच सांगता येणार नाही, पण टाकायला हवेत.

हाइडच्या बाजूने बोलायचं तर सामना ओहायोने 42-41 असा जिंकला. सव्वादोन मिनिटं उरली असताना पुढे नेणारा टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) त्याचाच. नंतर मिशिगनने टचडाउन करून बरोबरीचा एक गुण नाकारला, दोन गुणांसाठी डाव लावला आणि टायविस पॉवेलने तो पास अडवला. त्याआधी हाइडने एकदा चेंडू हातातून सोडला होता, तोही चौथ्या क्वार्टरमध्ये. फंबलचा रकाना मी अजून उघडलेला नाही, उघडला की हाइड घसरणार.

वेल्सचं 2007 हे माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक झालेलं प्रदर्शन आहे. पाऊस, चिखल, थंडी. 39 कॅरी, 222 यार्ड, दोन टचडाउन, आणि ओहायोचे 14 च्या 14 गुण त्याच दोन टचडाउनांतून. मिशिगनला 3. मिशिगनचे त्या दिवशीचे एकूण यार्ड 91 होते, धावून आणि पास टाकून मिळून! म्हणजे एकट्या वेल्सने समोरच्या आख्ख्या संघाच्या दुपटीहून जास्त काढले. मिशिगनचे प्रशिक्षक लॉइड कार यांचा ओहायोविरुद्धचा हा शेवटचा सामना, दोन दिवसांनी त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

वेल्सची 62 यार्डांची एक धाव वगळून बघितली तर 38 कॅरींत 160 उरतात, सरासरी 4.2. कागदावर मामुली. पण निसरड्या मैदानावर, पास टाकणं अवघड झालेलं असताना, दर वेळी चार यार्ड म्हणजे तीन कॅरींत दहा यार्ड पार, फर्स्ट डाउन (पुन्हा नव्या चार संधी) आणि घड्याळ चालू. समोरच्याचा श्वास कोंडतो तो असा.

एडवर्ड्सला हीच चाळणी लावली आणि वहीत लाल शाईने उद्गारचिन्ह काढलं. 2022, कोलंबस. 22 कॅरी, 216 यार्ड, सरासरी 9.8, यादीत सगळ्यात जास्त. त्यात दोन धावा 75 आणि 85 यार्डांच्या. त्या दोन काढा: 20 कॅरींत 56. सरासरी 2.8!

इथे पटकन निकाल द्यायचा मोह होतो, आणि इंटरनेटवरचे अर्धे ओहायोवाले तो देतातही. पण चौथ्या क्वार्टरमध्ये एडवर्ड्सचं मिशिगन 31-23 ने पुढे होतं, ओहायोला एकदा चेंडू मिळाला की बरोबरी साधता आली असती. चेंडू परत मिळवायचाच म्हणून त्यांनी सगळी माणसं पुढे आणली आणि मागे राखणीला कुणीच उरलं नाही. एडवर्ड्स पहिल्या फळीतून निसटला, तेव्हा त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये फक्त गवत होतं. उजव्या हाताला प्लास्टर, चेंडू डाव्या बगलेत. 38-23. काही मिनिटांनी पुन्हा तेच, 45-23. मिशिगनचा नेहमीचा रनिंग बॅक ब्लेक कोरम याचा गुडघा दुखावलेला, तो दोन कॅरी करून बसला होता, म्हणून हा सगळा भार एडवर्ड्सवर आला. आधीच्या 20 कॅरींनी 56 यार्डच दिले, पण त्याच कॅरी थोपवण्याच्या नादात ओहायोने मागचं दार उघडं टाकलं, असं मी वाचतो. तेव्हा लांब धाव वगळण्याचा रकाना ठेवलाय, पण तो निकालाचा रकाना नाही.

एलियट आणि डॉबिन्स यांना एकत्रच घेतो, दोघांचेही सामने अॅन आर्बरचे आणि दोन्ही एकतर्फी झाले. एलियटची कथा मसालेदार आहे. आदल्या आठवड्यात ओहायोची मिशिगन स्टेटकडून 17-14 अशी हार, त्याला फक्त 12 कॅरी, आणि सामन्यानंतर त्याने माइकसमोर प्रशिक्षकांवर उघड नाराजी काढली. पुढच्या शनिवारी 30 कॅरी दिल्या, त्याने 214 यार्ड काढले, 42-13. मागून घेतलं आणि देणाऱ्याला गप्प केलं. डॉबिन्सचे 211 यार्ड आणि चार टचडाउन, 56-27. त्या मोसमात तो 2000 पार करणारा ओहायोचा पहिला रनिंग बॅक ठरला. दोघेही थोर, पण निकाल लवकर लागला की मला त्या यार्डांचं वजन कमी वाटतं. पटत नसेल त्यांनी भांडावं.

मॉरिसचं पान अर्धंच भरलंय. 1986, कोलंबस, मिशिगनचा क्वार्टरबॅक जिम हारबॉ याने आठवडाभर आधी जिंकण्याची हमी दिलेली, आणि ती हमी 29 कॅरींत 210 यार्ड काढून राखली ती पाच फूट सात इंचांच्या जेमी मॉरिसने. 26-24. नाव हारबॉचं झालं.

आता यादीत न बसणारे दोन. हे घालायचे की नाही यावर बराच विचार केला आणि घातलेच.

पहिला हसन हॅस्किन्स, 2021. बर्फ भुरभुरत होता, मिशिगन 2011 पासून या सामन्यात जिंकलेलं नव्हतं. हॅस्किन्सचे 28 कॅरींत 169 यार्ड, 200 च्या बरेच खाली. पण टचडाउन पाच. मध्यंतराला 14-13 असा दोरीवरचा सामना होता आणि दुसऱ्या अर्धात मिशिगनने केलेले चारही टचडाउन त्याचे. त्या वर्षीच्या लाइनला देशातल्या सर्वोत्तम लाइनचा जो मूर पुरस्कार मिळाला, तो का ते या दुसऱ्या अर्धात दिसतं: हॅस्किन्सला पहिला धक्का बसतो तोच मुळात रेषेच्या तीन यार्ड पुढे. श्रेय वाटून द्यायचं तर इथे पाच जाडजूड माणसांना आधी द्यावं लागेल.

दुसरा केलेल मुलिंग्ज, 2024. 32 कॅरी, 116 यार्ड, सरासरी 3.6. या आकड्यावर कुणी ढुंकून बघणार नाही. पण मिशिगनच्या क्वार्टरबॅकने त्या दिवशी पास टाकून एकूण 62 यार्ड काढले होते. बाकी काही चालतच नव्हतं. कोलंबसमध्ये लाखभर लोक, ओहायो दुसऱ्या क्रमांकावर, आणि अकराच्या अकरा जणांना ठाऊक की चेंडू मुलिंग्जकडेच येणार. 10-10 असताना शेवटच्या मिनिटांत, थर्ड अँड सिक्सला (तिसरी संधी, सहा यार्ड हवेत), तो घोळक्यात अडकला. शिटी वाजेल असं वाटावं इतका अडकला. पाय मात्र थांबले नाहीत. गर्दीतून तो बाजूला घसरत सुटला आणि 27 यार्ड गेला. मग 45 सेकंद उरली असताना 21 यार्डांची किक, 13-10. हा मुलिंग्ज आधी लाइनबॅकर होता, म्हणजे अशा घोळक्यात समोरचा कुठे हात घालणार हे त्याला आतून माहीत. ती एक धाव मी वहीत बियाकाबुटुकाच्या कुठल्याही धावेच्या वर ठेवली आहे.

याच तर्काने ओहायोच्या आर्ची ग्रिफिनला कुठे बसवायचं? दोन हाइझमन मिळवलेला एकमेव खेळाडू, मिशिगनशी चार सामने, तीन विजय आणि एक बरोबरी, हार शून्य. 1973 च्या 10-10 मध्ये त्याचे 163 यार्ड, 1974 च्या 12-10 मध्ये 111. आणि 1975 मध्ये 19 कॅरींत 46! सलग 31 सामने शंभरी ओलांडल्यावर ती मालिका मिशिगनने तोडली. तरी ओहायो 21-14 ने जिंकलं: पीट जॉन्सनने टचडाउन केले आणि आर्चीचा धाकटा भाऊ रे ग्रिफिन याने इंटरसेप्शन घेतलं. मिशिगन आर्चीला धरून बसलं होतं, तेव्हा बाकीचे मोकळे झाले. माझ्या रकान्यांत हे कुठेच मावत नाही. ‘समोरच्याचं लक्ष खाल्लं’ असा रकाना काढू का, सुचवा.

आजचा क्रम, पेन्सिलने लिहिलेला: बियाकाबुटुका, वेल्स, हाइड, हॅस्किन्स, एडवर्ड्स, एलियट, मॉरिस, मुलिंग्ज, डॉबिन्स. मॉरिस नीट बघून झाला की वर सरकेल असा वास येतोय.

मिशिगनच्या टॉम हारमनचं 1940 सध्या बाहेर ठेवलंय. कोलंबसमध्ये 40-0, आणि सामना संपल्यावर ओहायोच्याच प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण तो पळायचा, पास टाकायचा, किक मारायचा, इंटरसेप्शनही घ्यायचा, त्याला नुसत्या रनिंग बॅकांत मोजणं अन्यायाचं होईल. पुढच्या खेपेला फंबलचा रकाना, मॉरिसचं उरलेलं पान, आणि 2003 चा मिशिगनचा क्रिस पेरी: शंभरावा सामना, 154 यार्ड, 35-21. 2002 च्या ओहायोच्या मॉरिस क्लॅरेटचे 119 यार्ड कुणाला आधी हवे असतील तर सांगा, त्या सामन्याची टेप माझ्याकडे तयार आहे.