तुम्ही विचारलंत म्हणून: ही गाडी मी का विकत नाही

ही गाडी विकून साधी घ्या, हा सल्ला मला मारेगावच्या बाजारापासून नात्यातल्या लग्नांपर्यंत सगळीकडे मिळतो, आणि त्यामागचा प्रश्नही ठरलेला असतो: जिचा गिअरबॉक्स उघडायला नागपूर गाठावे लागते, अशी चारही चाकांना जोर देणारी ऑटोमॅटिक गाडी खेड्यात ठेवण्याचा अट्टहास कशासाठी?

आजवर मी डाव्या पायाकडे बोट दाखवून विषय संपवत आलो. लहानपणी पोलिओ झालेल्या त्या पायाने क्लच दाबला जात नाही, हे खरेच आहे. पण ते उत्तर ऑटोमॅटिकपुरते आहे, आणि आता तेही तोकडे पडते, कारण 2014 पासून आपल्याकडे एएमटीच्या, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचा क्लच यंत्राने दाबणाऱ्या, स्वस्त गाड्या मिळू लागल्या आणि त्यांनाही क्लचचे पेडल नसते. चारही चाकांचे उत्तर माझ्या शेताच्या पांदणीत आहे. आषाढात तिथली काळी माती टायरात अशी भरते की पुढची चाके जागच्या जागी फिरू लागतात. तेव्हा मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या डिफरन्शिअलजवळचे कपलिंग, म्हणजे मागच्या चाकांना लागेल तेव्हाच जोर जोडणारा भाग, आपल्या प्लेटा आवळते आणि मागची चाके गाडी बाहेर काढतात. चिखलातून चालत येणे मला शक्य नाही. कुणाचा तरी ट्रॅक्टर येईपर्यंत बांधावर बसून राहणे मी पुष्कळ वर्षे केले आहे, आणि ते मला पुन्हा करायचे नाही.

हीच गाडी एका रात्री रस्त्यात बंद पडली, ती गोष्ट मात्र लोकांना अर्धीच ठाऊक आहे. पांढरकवड्याहून आईला घेऊन परतत होतो. करंजी मागे पडल्यावर इंजिन मोठ्याने घुमू लागले, पण वेग वाढेना. मग जळका वास आला आणि गाडी थांबली. पाचेक मिनिटांत एक ट्रॅक्टर थांबला, दोर निघाला, आणि तो भला माणूस म्हणाला, "न्यूट्रलवर टाका न जी भाऊ, आत्ता मारेगावात नेऊन देतो." मी नाही म्हटले. जमलेल्या लोकांना तो माझा ताठा वाटला. पण इंजिन बंद असले की गिअरबॉक्सचा तेलाचा पंपही बंद असतो. गाडी ओढली की चाकांबरोबर आतले शाफ्ट फिरतात आणि त्यांचे बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या नळ्या, तेलाविना घासले जातात. पुढची चाके उचलून नेणारी क्रेनही चालत नाही, कारण मागची चाके रस्त्यावर फिरत राहिली तर ती कपलिंगला फिरवतात. अशी गाडी न्यायची तर चारही चाके जमिनीपासून वर हवीत, आणि तसा सपाट ट्रक नागपूरहून यायचा होता. आईला मी जीपने पुढे जायला सांगितले, तर ती म्हणाली, "तुले टाकून मी नाही जात." तिला मधुमेह आहे. ट्रक मध्यरात्रीनंतर आला, तोवर ती मागच्या सीटवर बसून होती. दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ म्हणाला, "ट्रॅक्टरची वाट पाहावी लागू नये म्हणून गाडी घेतलीस, आणि तिच्यापायी ट्रकची वाट पाहत मायला रस्त्यावर बसवलंस." याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही.

नागपूरला गिअरबॉक्स माझ्यासमोर उघडला. त्याच्या खालच्या पॅनच्या, म्हणजे तेल साठण्याच्या थाळीच्या, तळाशी लोहचुंबक असतात. त्यांच्यावर राखाडी, मऊ लेप असणे स्वाभाविक आहे, कारण तो रोजच्या झिजेचा असतो. इथे त्या लेपाबरोबर तेलात काळा भुगा होता, म्हणजे क्लच प्लेटांचे (पेडल नसले तरी ऑटोमॅटिकच्या आत गिअर बदलायला अशा प्लेटांचे संच असतात) अस्तर जळून सुटले होते. एका संचाच्या प्लेटा निळसर पडल्या होत्या. बुश, शाफ्ट आणि मागचे कपलिंग मात्र स्वच्छ होते. मी म्हणतो, ते दोर नाकारल्यामुळे वाचले. भाऊ म्हणतो, तेवढ्या अंतरात काही झाले नसते, आणि खर्च तर झालाच. दोघांपैकी कुणालाही ते सिद्ध करता येणार नाही.

तेव्हापासून देखभाल मी स्वतः उभे राहून करवून घेतो. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे शोरूममध्ये सांगतात. पण पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आणि चिखलातल्या ओढीत ते तेल लाल राहत नाही, तपकिरी होते. खालचे बूच काढले तरी सगळे तेल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, राहते. म्हणून काढायचे, भरायचे, थोडे दिवस चालवायचे आणि पुन्हा काढायचे. पातळी इंजिन चालू ठेवून, सपाट जागी, तेल 35 ते 45 अंशांत असताना, पातळीचे बूच उघडून जादा तेल वाहू देऊन पाहावी, असे माझ्या गाडीच्या पुस्तिकेत आहे. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे उभ्या गाडीतले तेलच त्याहून तापलेले असते. तापून फुगलेले तेल त्या बुचातून जास्त वाहून जाते आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते. त्यामुळे हे काम मी पहाटेच करायला लावतो, यावरही लोक हसतात. एक टायर फाटला की चारही बदलतो, हा तर माझा माज समजला जातो. एका चाकाचा घेर इतरांहून वेगळा असला, तर कोरड्या डांबरावरही कपलिंगच्या प्लेटा घसटत आणि तापत राहतात, हे किती वेळा सांगायचे?

पूर्वी मी म्हणत असे की नीट निगा राखली तर ही गाडी साध्या गाडीइतकीच बिनधोक आहे. आज तसे म्हणवत नाही. निगा राखणाऱ्यालाही नागपूर लांबच असते. तरी विकायची नाही. आणि एवढेच करा: अशी एखादी गाडी रस्त्यात बंद दिसली तर दोर काढण्याआधी सपाट ट्रक बोलावला आहे का ते विचारा, आणि आत म्हातारे माणूस बसलेले असेल तर ट्रक येईपर्यंत त्याची कुणाच्या घरी सोय होते का, ते पाहा.