फोटोची मागची बाजू

परवा माळ्यावरचे जुने फोटो स्कॅन करायला घेतले. काळ्या जाड पानांचा अल्बम, मधे कुरकुरणारा बटरपेपर. त्यातला एक फोटो अगदीच कायच्या काय होता, वाड्याचं अंगण, तुळस, तांब्याचा बंब आणि उन्हाने डोळे बारीक करून उभी असलेली आजी, फोकसही धड नाही. सोडूनच देणार होतो, सहज उलटा केला तर मागे आजोबांच्या बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं, "नारायण पेठ. पानशेतच्या आधी."

परत सुलटा केला तर फोटोच बदललेला! 12 जुलै 1961 ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, मग खडकवासलाही गेलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि आमचा वाडा बसला, हे लहानपणापासून ऐकत आलोय (आमच्याकडे अजूनही लग्नं-बारशी पुराच्या आधीची की नंतरची अशीच मोजतात). फोटोत पाण्याचा थेंब नाही, पण आता तो बंब काही बघवेना.

चांगल्या फोटोला कॅप्शन लागत नाही म्हणतात, तो स्वतःच बोलतो म्हणे. बोलतो की, पण अर्धवट बोलतो. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने 1936 साली कॅलिफोर्नियात काढलेला तो मायग्रंट मदर, म्हणजे स्थलांतरित मजूर आईचा फोटो घ्या, तिचे हाल कळायला एक अक्षर लागत नाही, पण लँगबाईंनी तिचं नावच विचारलं नव्हतं, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळायला 1978 उजाडलं आणि तोवर त्या फोटोवर ती पार वैतागली होती. अर्थात सूर्यास्ताखाली सुविचार टाकणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये, तिथे सूर्य पुरेसा आहे.

माझी गंमत म्हणजे तोवर चाळीसेक फोटो स्कॅन झालेले, सगळे पुढून! मग सगळे परत काढले, उलटे केले, आणि निम्म्यांच्या मागे नुसता स्टुडिओचा शिक्का. म्हणून रविवारी आत्याला बोलावलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. ती भराभर नावं सांगत होती. एका लग्नाच्या फोटोत कडेला टोपीवाला गृहस्थ उभा, आत्याने चष्मा वर केला, खाली केला, म्हणाली, "हा रे कोण? मांडववाला असेल." मग म्हणाली, "नाही, थांब, हे तर जेवायलाही आपल्याच पंगतीत होते."

मी लिहिलं, 'मांडववाला', पुढे प्रश्नचिन्ह.