फिंगल वूड्समधला तो एक ओक

मागच्या रविवारी परत फिंगल वूड्सला जाऊन आले. इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये, डार्टमूर नावाच्या उंच माळरानाच्या उत्तरेच्या कडेला, टीन नदीच्या काठाकाठाने उतारांवर पसरलेलं जंगल आहे हे, साधारण 825 एकर, 2013 मध्ये वूडलँड ट्रस्ट आणि नॅशनल ट्रस्ट या दोन संस्थांनी जपण्यासाठी मिळून घेतलं.

पहिल्यांदा गेले होते तेव्हा वाईट वाटलं होतं मला. वाटेच्या कडेला माणसापेक्षा उंच ओंडक्यांची थप्पी, मशीनच्या चाकांचे चर, ताजी बुडखी आणि सगळीकडे डिंकाचा वास. झाडं तोडून कसलं जंगल वाचवतायत हे, असंच मनात आलं. तिथे काम करणारे एक स्वयंसेवक आजोबा भेटले, त्यांनी थांबून सगळं नीट समजावलं म्हणून, नाहीतर मी रागातच घरी गेले असते.

झालं असं की पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकूड कमी पडलं, तेव्हा देशात जंगल उरलं होतं जेमतेम 5 टक्के. म्हणून 1919 मध्ये फॉरेस्ट्री कमिशन हे सरकारी वनखातं आलं आणि पुढे कित्येक वर्षं भराभर वाढणारी स्प्रूस, डग्लस फर अशी सुईसारख्या पानांची झाडं ओळीने लावत गेले. मोकळ्या माळावर लावली ते एक वेळ ठीक, पण जिथे 1600 च्या आधीपासून जंगल होतं अशा जागांवरही लावली, जुने ओक तोडून, काही ठिकाणी तर साल सोलून नाहीतर विष घालून मारून. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. आता तोडतायत ती हीच लावलेली झाडं, जुनं जंगल परत यावं म्हणून.

आता यात गोची काय आहे बघा. ओकला पानं फुटायच्या आधी, एप्रिलच्या आसपास, खाली जमिनीवर ऊन येतं आणि ब्लूबेल, म्हणजे निळ्या घंटेसारख्या फुलांचं कंदातून येणारं छोटं रोप, तेवढ्या दिवसांतच आपलं सगळं उरकून घेतं. फर बारा महिने हिरवा, त्यामुळे खाली ते ऊन कधी पोचतच नाही. फरच्या दाट रांगांत वाकून बघा एकदा, तपकिरी सुयांचा जाड थर, बाकी काही नाही, पक्ष्यांचा आवाजही वरून कुठूनतरी लांबून येतो.

अशाच एका रांगेत आजोबांनी मला तो ओक दाखवला होता. खालच्या सगळ्या फांद्या वाळलेल्या, शेवाळाने भरलेल्या, फक्त शेंड्याला मूठभर पानं. त्याच्या आजूबाजूच्या चार-पाच फरवर तोडायचे म्हणून रंगाची खूण होती. मी म्हटलं सगळेच का नाही काढत? तर म्हणाले, एकदम उघडं केलं की इतकी वर्षं सावलीत राहिलेल्या झाडाला झेपत नाही, वारा उरलेली झाडं पाडतो, आणि काटेरी ब्रॅम्बल सगळी जमीन व्यापून टाकतं. म्हणून आधी जुन्या झाडांभोवती थोडी जागा करायची, मग काही वर्षं थांबायचं, मग परत थोडी. काही दशकांचं काम आहे हे आणि ते सुरू करणाऱ्यांना शेवट बघायला मिळणार नाही, हे ते इतक्या शांतपणे बोलले की मला काय बोलावं सुचेना.

या वेळी मुद्दाम तो ओक शोधला. बुंध्यावर सालीतूनच कोवळे फुटवे आलेत, आणि बुडाशी वूड सॉरेल, म्हणजे आपल्या आंबुशीच्याच कुळातलं, तशीच तीन-तीन पानं, पांढरी नाजूक फुलं. जरा पुढे फॉक्सग्लोव्ह या रानफुलाच्या पानांचे झुपके, त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ऊन मिळालं की उगवतं. ब्लूबेलला मात्र असं पटकन जमत नाही, ते अगदी इंचाइंचाने पसरतं.

आणि म्हणूनच चालणाऱ्यांना एक सांगायचंय. लोकांनी इथे यायलाच हवं, बघितल्याशिवाय जीव लागत नाही. पण वाटेत चिखल आला की आपण सगळे कडेकडेने जातो, मग वाट दर हिवाळ्यात रुंद होत जाते आणि नेमकी कडेलाच ब्लूबेलची कोवळी पानं असतात. ती तुडवली गेली की खालच्या कंदाला अन्न मिळत नाही, मग पुढची बरीच वर्षं तिथे फूल नाही. तोडणी चालू असताना वाट बंद असेल तर दुसरीने जा, ओंडक्यांच्या थप्पीवर मुलांना चढू देऊ नका, ती घसरते. कुत्रा असेल तर वसंतात पट्ट्याला बांधूनच ठेवा, जमिनीवर घरटी असतात.

मी यंदा सरळ चिखलातून मधूनच गेले, बूट घोट्यापर्यंत भरले. परत ओकपाशी एप्रिलमध्ये जाणार आहे.